अर्थ लिहिणाऱ्याची सही

१२ जानेवारी

मायन्याची जागा कोरी ठेवली आहे, ती माझी चूक नाही. आपल्या भाषेत वडिलांना मायना आहे, लेकरांना आहे, गुरुजींना आहे, तोंडही न पाहिलेल्या साहेबाला आहे. नवऱ्याच्या पहिल्या बायकोला काय लिहायचं ते मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही. सवत म्हणावं तर तुम्ही रीतसर कागद करून मोकळ्या झालात. ताई म्हणावं तर जीभ वळत नाही. तेव्हा तुम्हाला आवडेल तो मायना तिथे भरून घ्या.

मी कोण हे तुमच्या कानावर आलं असेलच. नसेल तर सांगते. तुम्ही हे घर सोडल्यावर दोन वर्षांनी मी इथे कोशाची कार्डं टाइप करायला आले, आणि पुढे टाइपरायटरसकट इथलीच झाले. म्हणजे तुमच्या जाण्याशी माझा काडीचाही संबंध नाही. हे एकदा स्पष्ट झालेलं बरं.

काम एवढंच आहे. इंग्रजी-मराठी कोशाचा दुसरा खंड, ‘आय’ या अक्षरापासून शेवटापर्यंत, तयार आहे. सगळी कार्डं माझ्या हातची. एकच कार्ड अडलं आहे. शब्द आहे ‘इमेडिकेबल’. जे बरं होत नाही, ते. पण अर्थाच्या जागी काही नाही. संपादक म्हणतात की हा शब्द पास झाल्याशिवाय खंड छापखान्यात जायचा नाही. (मी त्यांना घरातही संपादकच म्हणते. तुम्ही काय म्हणत होतात, मला माहीत नाही आणि विचारतही नाही.) मी एकदा म्हटलं, सोडून द्या की, जगात कोण येणार आहे हा शब्द विचारायला? तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

परीक्षेची पद्धत तुम्हाला सांगणं म्हणजे सोनाराला सोनं दाखवणं, तुम्ही दोघांनीच ती घातली. ज्याने अर्थ लिहिला त्याने तो मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने कार्ड न बघता मूळ इंग्रजी शब्द ओळखायचा. आला तर पास, नाही तर अर्थ बाद. पास झाला की कार्डाच्या पाठीवर दोन सह्या, अर्थ लिहिणाऱ्याची आणि ओळखणाऱ्याची. पहिल्या खंडाच्या झाडून सगळ्या कार्डांमागे तुमची आणि त्यांची सही आहे. धूळ पुसायला काढली होती, तेव्हा दिसली.

आता ‘असाध्य’ असा अर्थ वाचला की उत्तर येतं ‘इनक्युरेबल’. ‘अचिकित्स्य’ वाचला की उत्तरच येत नाही, नुसतं तोंड वाकडं होतं. ओळखायला शेजारचे वकील येतात. मला ओळखायला बसवत नाहीत, कारण कार्ड मी टाइप करते, मला शब्द आधीच ठाऊक असतो. अर्थ लिहायलाही कधी सांगितलेलं नाही. त्याला काय कारण आहे ते मी विचारलेलं नाही.

संपादक एकदा बोलून गेले की हा शब्द तुमच्या वेळीच निघाला होता आणि तुम्ही काहीतरी अर्थ दिला होता. काय, ते सांगत नाहीत. तुम्ही दोन ओळींत कळवलंत तर माझं कार्ड भरेल.

संपादकांची तब्येत उत्तम आहे. हे पत्र लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. तुमच्या निळ्या कपाचा कान तुटला आहे, पण चहा त्यातच लागतो. मी दोनदा फेकायला काढला होता.

आपली
(कोण, ते ठरलं की कळवीन)


२ फेब्रुवारी

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. ‘अर्थ मी तेव्हाच सांगितला होता. त्यांना विचारा.’ बस्स. पोस्टकार्डावर पुष्कळ जागा शिल्लक होती हो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही.

त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून समोरच्या शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं आणि म्हणाले, “तो आज बटणं लावतोय.” झालं, एवढंच उत्तर.

म्हणून मग मीच त्या शब्दाच्या मागे लागले. मला वाटतं, माझ्यासारखी नुसती टाइप करणारी बाई जाडी पुस्तकं उघडते याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. शब्द लॅटिनमधून आलाय. ‘मेडिकारी’ म्हणजे बरं करणं, उपचार करणं. आपण दुकानातून आणतो ते मेडिसिन त्याच्याच भावकीतलं. पुढे नकार लागला आणि झाला इमेडिकेबल, ज्यावर उपचार चालत नाही तो. लॅटिन कवी तो जखमेला लावायचे. इंग्रजीत आला सोळाव्या शतकात. आधी जखमा, दुखणी, आणि मग लोक तो माणसाच्या दुःखाला, मनातल्या सलालाही लावायला लागले. पुढे त्याला कोणी विचारेनासं झालं.

आणि ‘इनक्युरेबल’ त्याच्या कितीतरी आधीपासून घरात बसलेला. त्याच्या मुळाशी ‘क्युरा’ आहे, म्हणजे काळजी, देखभाल. सगळे त्यालाच हाक मारतात. डॉक्टरांच्या तोंडी तो, वर्तमानपत्रात तो. हा बिचारा मागाहून आलेला, दुसरेपणाचा. अर्थ विचारला तरी लोक पहिल्याचंच नाव घेतात. खरं सांगते, हे वाचल्यावर मला त्या शब्दाचा पुळका आला.

वकील हल्ली येत नाहीत. मागच्या आठवड्यात संपादकांनी त्यांना तोंडावर चोर म्हटलं, माझी कार्डं पळवायला येतोस म्हणाले. वकील भला माणूस, म्हणाला, “वहिनी, मला कोर्टात याहून वाईट बोलतात.” पण आला नाही तो नाहीच. थकवा आहे, दुसरं काही नाही. वयाप्रमाणे चालायचंच.

अर्थ कळवा.


२० फेब्रुवारी

तुम्ही थेटच विचारलंत, ‘त्यांना काय झालं आहे?’ आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही राम नाही.

त्यांचे शब्द चालले आहेत. आधी माणसांची नावं गेली, मग वस्तूंची. चष्म्याला ‘ते बघायचं’ म्हणतात, किल्लीला ‘दाराचं’. गंमत म्हणजे इंग्रजी शब्द विचारा, अजून तीन-तीन अर्थ सांगतात, आणि चहा हवा असला की कपाकडे बोट दाखवतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बरं होणारं दुखणं नाही, वेग थोडा कमी करता येईल. वैद्यकात अशा दुखण्याला ‘याप्य’ म्हणतात, बरं न होणारं पण औषधाने आवरून धरता येणारं. हे मला डॉक्टरीणबाईंनी नाही सांगितलं, आमच्याच कपाटात सापडलं. कोशवाल्याच्या घरात रडायच्या आधी शब्द शोधतात.

ते अडलेलं कार्ड मात्र विसरत नाहीत. रोज सकाळी खण उघडून ते काढतात, अर्थाच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवतात आणि परत ठेवतात. दुसरं काही त्यांना पुरं करायचं राहिलेलं नाही. शब्द शिल्लक आहेत तोवर एवढं एक कार्ड पुरं होऊ दे, म्हणून मी तुम्हाला लिहिलं. माझी हौस नव्हती.

संध्याकाळ झाली की मला म्हणतात, “बाई, उशीर झाला. तुमच्या घरी वाट बघत असतील.”

मी म्हणते, “मी इथेच राहते.”

“असं का?” म्हणतात, “जागा पुरते का तुम्हाला?”

मी हसते. काय करणार? मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासते, घासलेलीच.

आता तुम्हाला जे कळवायचं नव्हतं ते. दिवसातून पाच-सहा वेळा ते हाक मारतात, “मास्तर!” मला वाटलं, शाळेतले कोणी गुरुजी आठवत असतील. मी वकिलांच्या दारात जाऊन विचारलं. वकील चप्पल शोधायला लागले. मग म्हणाले, “मास्तर म्हणजे त्या हो. पहिल्या. चुका काढायच्या ना त्यांच्या, म्हणून.”

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. आंघोळ मी घालते, नखं मी कापते, रात्री उठून दाराची कडी मी बघते, आणि हाक तुम्हाला! तुम्ही इथे असतात तर भांडून तरी मोकळी झाले असते. तुम्ही नाही, म्हणून तुमच्यावर काही चालत नाही. जळते मी तुमच्यावर. सवतीमत्सर हा शब्द मी ‘जे’ अक्षरात, ‘जेलसी’समोर, माझ्या हाताने टाइप केला तेव्हा वाटलं होतं, काय जुनाट शब्द ठेवलाय. आता वाटतं, बरा ठेवला.

सांगा काय तो अर्थ. मी हात जोडून विचारते आहे असं समजा, जोडलेले नाहीत.


११ मार्च

एवढं मोठं पत्र तुम्ही लिहाल असं वाटलं नव्हतं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा दार लावून.

म्हणजे असं झालं होतं तर. तुम्ही ‘आय’ला नुकता हात घातला होता. या शब्दाला तुम्ही अर्थ लिहिलात, ‘ज्याला औषध नाही असा’, आणि उदाहरणाला आपली रोजची म्हण, ‘स्वभावाला औषध नाही’. ती मोठ्याने वाचलीत. समोर ते. शब्द त्यांना आला, तुम्हाला त्यांच्या डोळ्यांत दिसला. आणि ते बोलले नाहीत. ओट्यापाशी बोलायच्या म्हणी कोशात येऊ लागल्या तर विद्वान हसतील, म्हणून गप्प बसले. वर म्हणाले, “नाही ओळखला. बाद.” तुम्ही लिहिता, ‘मतभेद आमचे रोज होत. खोटं त्या दिवशी पहिल्यांदा झालं, आणि तेही परीक्षेत.’

लोक म्हणाले, शब्दावरून कोणी घर मोडतं का? मीही म्हणत असे. आता म्हणणार नाही.

पण मी तुमचा अर्थ त्यांच्यापुढे वाचणार नाही.

चांगला आहे म्हणूनच वाचणार नाही. उद्या मी वाचायचा, त्यांनी ओळखायचा, आणि त्यांच्या शुद्धीतलं शेवटचं काम तुमच्या नावावर लागायचं. मी मग कोण? टाइप करणारी. तुम्ही मला कोत्या मनाची म्हणा. तुम्हाला पहिला खंड सगळा मिळाला, मला या एका कार्डाची किल्ली मिळाली आहे, ती मी दाबून ठेवणार.

मी स्वतः एक अर्थ लिहून पाहिला, जन्मात पहिल्यांदा. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तसा.’ समोर बसून वाचला. त्यांनी डोळे मिटून पुष्कळ विचार केला. मग म्हणाले, “वकील.”

हसू नका. मी हसले होते, पण तुम्ही हसू नका.


३० मार्च

तब्येत तशीच आहे. तुम्ही येऊ का म्हणून विचारलंत. इतक्यात घाई करू नका. बाहेरच्या खोलीला रंग चालू आहे, सगळं सामान आतल्या खोलीत कोंबलं आहे, तुम्हाला बसायलासुद्धा जागा व्हायची नाही. रंगाच्या वासाने डोकंही धरतं.

कार्डाचं काही नवीन नाही.


१६ एप्रिल

ताई,

जीभ अजून वळलेली नाही, पण हात वळला.

रंग वगैरे काही चालू नव्हता. कार्डाचंही काही नवीन नाही असं नव्हतं. ते मागचं पत्र लिहायच्या दोन दिवस आधी घडलं आणि मी ते पोटात ठेवून बसले. आज सांगते, कारण आता ते पोटात राहत नाही.

त्या दिवशी सकाळी गोळ्या काढायला गेले तर औषधांच्या तिन्ही खोक्यांवर लाल पेन्सिल चाललेली. मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, कुठली सकाळी, कुठली रात्री. ‘रात्री’ खोडून ‘सायंकाळी’ केलेलं. ‘जेवणानंतर’ला वर्तुळ काढून समासात प्रश्नचिन्ह. एका खोक्यावर तर मजकूरच खोडून बाजूला लिहिलंय, ‘पाल्हाळ’. कुठली गोळी कधी द्यायची, काही कळेना. आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा नव्हता. मी ते खोकं त्यांच्यापुढे आपटलं आणि ओरडले, “अहो, औषधाला तरी सोडा! किती सांगायचं तुम्हाला? नाहीच, स्वभावाला औषध नाही तुमच्या!”

उचलली जीभ लावली टाळ्याला. जी म्हण त्यांच्यापुढे काढायची नाही म्हणून दोन आठवडे तोंड शिवून बसले होते, ती रागाच्या भरात अशी सटकली.

ते खुर्चीत बसले होते. मान वर केली. स्वच्छ आवाजात म्हणाले, “इमेडिकेबल.”

“काय म्हणालात?” मी विचारलं.

“पास,” म्हणाले. “कार्ड आण.”

मी आणलं. त्यांनी ते उलटं केलं, ओळखणाऱ्याच्या जागेवर सही केली. अक्षर हललं आहे, पण सही त्यांचीच, पूर्वीच्या वळणाची. मग कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, “मास्तरांना कळव. म्हणावं, शब्द मला तेव्हाही आला होता.”

मला ते ‘कळव’ म्हणाले. गेले कित्येक महिने मी त्यांची ‘बाई’ आहे, ‘या’, ‘बसा’, ‘उशीर झाला तुम्हाला’. त्या क्षणी त्यांना पक्कं ठाऊक होतं की समोर त्यांची बायको उभी आहे. आणि तिला ओळखून त्यांनी काय सांगितलं, तर तुमच्यासाठी निरोप. याला मी काय म्हणू, तुम्हीच सांगा. आनंदाने रडले की संतापाने, ते अजून मला कळलेलं नाही.

मग त्यांनी शिंप्याच्या दुकानाकडे तोंड केलं आणि विचारलं, “बाई, आज फार उशीर नाही ना झाला?”

त्यानंतर ते कार्ड त्यांनी खणातून काढलेलं नाही. ‘मास्तर’ अशी हाकही मारलेली नाही. तुम्हाला वाटेल, मला बरं वाटलं असेल. पहिले दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत बसून त्या हाकेची वाट बघत होते. इंग्रजी शब्दही आता सुटत चालले आहेत. काल ‘इंक’चा अर्थ विचारला, तर बोटाकडे बघत बसले.

मी निरोप दाबला. वाटलं, हे शेवटचं शहाणं वाक्य आहे, ते मी का द्यावं? जवळ ठेवून घेते. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे सोपवलेलं, मी टाइप न करता ऐकलेलं हे एकच वाक्य. पण ते माझं नाही. कितीही उलटसुलट केलं तरी त्यावर पत्ता तुमचा आहे.

आणखी एक सांगून टाकते. कार्डाच्या पाठीवर अर्थ लिहिणाऱ्याची जागा कोरी आहे. ती भरायला मी पेन उघडलं होतं. मनात म्हटलं, म्हण काय तुमच्या बापाची आहे? ती सगळ्यांची. मोठ्याने मी बोलले, ओळखली त्यांनी, मग सही माझी. पहिलं अक्षर टेकवायलाही गेले. कार्डावर शाईचा एक ठिपका आहे तो माझा, तो पुसायला सांगू नका. पण पुढे हात गेला नाही. अर्थ तुम्ही लिहिला होता, आणि या घरात त्या परीक्षेत एकदा खोटं झालेलं आहे. ते दुसऱ्यांदा माझ्या हातून नको.

मत्सर गेला असं समजू नका. हे पत्र लिहितानाही आतून पेटलेली आहे, आणि तुम्ही दारात उभ्या राहिलात की तुमची साडी, तुमचे केस, तुम्ही त्यांच्याकडे कसं बघता, सगळं बारकाईने पाहणार आहे. त्याला काही औषध नाही.

पण या. छापखान्याला मी सांगितलं आहे की एक सही बाकी आहे. ते तुम्हाला ओळखतील असं नाही. मलाही रोज ओळखत नाहीत, तेव्हा आता आपण दोघी एकाच रांगेत उभ्या आहोत, पुढेमागे कोणी नाही. त्यांनी विचारलं, “या बाई कोण?”, तर मी सांगेन की अर्थ यांनी लिहिला होता.

आय ते झेड, सगळं मी टाइप केलं आहे. तुमची सही तेवढी टाइप करता येत नाही.

तुमचा कप घासून ठेवला आहे. कान नाही त्याला, दोन्ही हातांनी धरावा लागतो.

तुमची
धाकटी